पहिली धार आणि मधली धार : माल्ट व्हिस्कीची घडण व मराठी परिभाषा

१. प्रास्ताविक

एखादी वस्तू निर्भेळ आणि जोरकस आहे असे सांगावयाचे असल्यास मराठीत ती ‘पहिल्या धारेची’ आहे असे म्हणतात. हा वाक्प्रचार मूळचा दारूच्या भट्टीवरचा. तेथून तो विनोदाला, वक्तृत्वाला, किंबहुना माणसालाही लागू झाला. ह्याउलट, मवाळपणाबद्दल ज्या मद्याची जगभर वाखाणणी होते त्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या पारंपरिक भट्टीत पहिली धार पेल्यापर्यंत पोचूच दिली जात नाही. भट्टीवाला ती बाजूस काढतो, शेवटचीही बाजूस काढतो आणि केवळ मधली धार राखतो. एकाच क्रियेकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी इतक्या परस्परविरुद्ध का असाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम माल्ट व्हिस्कीची कृती सांगून नंतर मुंबई-कोकणच्या गाळपाची परिभाषा तिच्याशी ताडून पाहिली आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : मवाळपणा ही मद्यात घालावयाची वस्तू नव्हे. तो काही भाग टाकल्याने आणि उरलेला भाग थांबवून ठेवल्याने येतो. ह्यांपैकी टाकणे येथील गाळपाला पूर्वीपासून ठाऊक होते. थांबणे मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. ह्या इतिहासाची नोंद मराठी शब्दांत सापडते.

२. नावाची फोड

‘सिंगल माल्ट’ ह्या पदाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ‘सिंगल’ हे विशेषण ‘माल्ट’चे आहे असे समजून एकाच धान्याची किंवा एकाच पिंपातील व्हिस्की असा अर्थ केला जातो. वस्तुतः ते ‘माल्ट व्हिस्की’ ह्या संपूर्ण पदाचे विशेषण असून त्याचा रोख भट्टीकडे आहे. एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या हंड्यांत गाळलेली व्हिस्की, असा त्याचा अर्थ. एका भट्टीतील अनेक पिंपांचे मिश्रण केले तरी ते सिंगल माल्टच राहते. दोन भट्ट्यांच्या मालाचे मिश्रण केले की ते नाव जाते. म्हणून ‘एकमाल्ट’ असा शब्दशः प्रतिशब्द दिशाभूल करील. ‘एकभट्टी माल्ट’ हा अर्थाला धरून होईल.

‘व्हिस्की’ हा शब्द गेलिक भाषेतील ‘जीवनजल’ अशा अर्थाच्या जोडशब्दाचा पूर्वार्ध आहे, म्हणजे मुळात त्याचा अर्थ केवळ ‘पाणी’. आपल्याकडील ‘आबकारी’ ह्या फारसी शब्दातही ‘आब’ म्हणजे पाणीच आहे. ‘अर्क’ हा अरबी शब्द मूळचा घामाचा वाचक. थंड पृष्ठभागावर जमणाऱ्या थेंबांवरून तो गाळलेल्या द्रवास लागला. त्याचेच रूप कोकण-गोव्यात ‘उर्राक’ असे झाले आहे.

३. मोड आणि आंबवण

ताडी-माडीचे गाळप आणि जवाचे गाळप ह्यांत पहिला भेद साखरेचा आहे. माडाच्या पोयीतून झिरपणाऱ्या रसात साखर आयतीच असते. हवेतील व भांड्यातील किण्वांच्या योगाने तो काही तासांतच आंबू लागतो. मोहाच्या फुलांतही साखर तयारच असते. जवात मात्र असतो तो स्टार्च, आणि किण्वाला स्टार्च पचत नाही. यास्तव जवाला आधी मोड आणावे लागतात.

महाराष्ट्रीय स्वयंपाकघराला ही क्रिया अपरिचित नाही. तान्ह्या मुलासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून व दळून जे सत्त्व करतात ते शास्त्रीय दृष्ट्या नाचणीचे माल्टच होय. मोड येताना दाण्यात विकरे निर्माण होतात. कोवळ्या अंकुराला अन्न मिळावे म्हणून स्टार्चचे साखरेत रूपांतर करणे हे त्यांचे काम. भट्टीवाला अंकुर वाढू न देता योग्य वेळी जव गरम हवेने वाळवतो. त्यामुळे विकरे शाबूत राहतात आणि साठाही खर्ची पडत नाही. काही ठिकाणी वाळवण्यासाठी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेला वनस्पतींचा थर, जाळतात. त्याच्या धुराचा वास व्हिस्कीत अखेरपर्यंत टिकतो.

वाळलेले माल्ट भरडून सुमारे ६३ ते ६५ अंश सेल्सियस तपमानाच्या पाण्यात कालवले की विकरे पुन्हा जागी होतात व गोड काढा तयार होतो. तो निवल्यावर त्यात किण्व घालतात. साधारण दोन ते चार दिवसांत ७ ते ९ टक्के मद्यार्काचे आंबवण हाती येते. मवाळपणाची पहिली पायरी येथेच आहे. आंबवण घाईने उरकले तर धान्याची चव पुढे राहते. सावकाश होऊ दिले तर नंतरच्या काळात जीवाणूंचेही कार्य होऊन फळांच्या वासाची एस्टरे अधिक तयार होतात.

४. तीन धारा

रूढ मराठीत ‘दारू गाळणे’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात. रसशास्त्रात ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. हंड्याच्या मानेतून निघून तिरप्या नळीने दुसऱ्या भांड्यात उतरणाऱ्या वाफेचे वर्णन ह्यांपैकी तिसऱ्या शब्दाने अधिक नेमके होते. परिभाषाकारांनी पहिला शब्द रूढ केला आणि आता तोच स्थिर झाला आहे. तथापि लोकभाषेतील ‘गाळणे’ हा शब्द एका दृष्टीने सर्वांत समर्पक ठरतो, कारण त्यात काही ठेवणे आणि काही टाकणे ही कल्पना अंगभूत आहे.

पारंपरिक भट्टीत आंबवण तांब्याच्या दोन हंड्यांतून दोनदा गाळतात. पहिल्या गाळपात २० टक्क्यांहून थोड्या अधिक मद्यार्काचा कच्चा द्रव मिळतो. खरी कसोटी दुसऱ्या गाळपात लागते. हंडा तापू लागला की प्रथम जी धार येते ती सर्वांत कडक, ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही तीव्र, असते. परंतु तिच्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, एथिल अ‍ॅसिटेट अशी चटकन उडणारी व नाकाला झोंबणारी द्रव्ये एकवटलेली असतात. नंतरची मधली धार स्वच्छ असते. तीव्रता उतरत साधारण ६० टक्क्यांच्या आसपास आली की जड, तेलकट आणि उग्र वासाची द्रव्ये वर येऊ लागतात. ही शेवटची धार. हा क्रम निव्वळ उत्कलनबिंदूंवरून ठरत नाही. मिश्रणात पाणी किती आहे ह्यावर प्रत्येक द्रव्याची उडून जाण्याची प्रवृत्ती बदलते. म्हणूनच धारेची तीव्रता पाहून तिच्यातील अन्य द्रव्यांचा अंदाज बांधता येतो.

पहिली धार कोठे संपली हे ओळखण्याची स्कॉटलंडमधील जुनी परीक्षा सोपी आहे. धारेत पाणी मिसळून पाहतात. आधीच्या गाळपाचे तेलकट अवशेष धुऊन येत असतील तर मिश्रण गढूळ होते. ते निवळशंख राहू लागले की धार मधल्या पात्राकडे वळवतात. पहिली व शेवटची धार फेकून देत नाहीत. ती पुढील खेपेच्या कच्च्या द्रवात घालून पुन्हा गाळतात. मधल्या धारेचा पट्टा किती अरुंद ठेवावयाचा हा प्रत्येक भट्टीचा आर्थिक आणि रुचिविषयक निर्णय असतो. पट्टा जितका अरुंद तितके उत्पन्न कमी आणि माल मवाळ.

हंड्याचे द्रव्य आणि आकार ह्यांनाही महत्त्व आहे. तांबे हे गंधकयुक्त संयुगांशी संयोग पावते व वाफेतील कुजकट वास कमी करते. मान उंच असली तर जड वाफा वरपर्यंत न पोचता थिजून पुन्हा हंड्यात पडतात. तांबे ह्या कार्यात झिजते, आणि हंडे कालांतराने बदलावे लागतात.

५. फूल, उर्राक, फेणी

गाळपाचे भाग पाडण्याचे हे ज्ञान केवळ युरोपातील नव्हे, ह्याला एक भक्कम पुरावा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध झाला. मुंबई बेट ह्याच ओर्ताकडे पोर्तुगीज सरकारकडून खंडाने होते. माडाविषयी लिहिताना तो म्हणतो की, माडीचे गाळप करून जो तीव्र अर्क मिळतो त्यात भिजवलेली चिंधी पेट घेते. ह्या उत्तम भागाला येथील लोक ‘फूल’ म्हणतात, आणि मागे राहिलेल्या भागाला ‘ओर्राका’ म्हणतात व त्यात पहिल्याचा थोडा अंश मिसळतात. म्हणजे सोळाव्या शतकात ह्या किनाऱ्यावर गाळपाचे दोन भाग वेगळे काढले जात, त्यांना वेगळी नावे होती, त्यांची परीक्षा ठरलेली होती आणि मिश्रणाची रीतही होती.

शब्दांचे सातत्य येथे लक्षणीय आहे. आज गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाचे पहिले गाळप ‘उर्राक’ म्हणून ओळखले जाते आणि ते पुन्हा गाळले की ‘फेणी’ होते. साडेचारशे वर्षांत कच्चा माल बदलला, विभागणीची रीतही बदलली. परंतु दोहोंपैकी सौम्य ते उर्राक, हा संबंध टिकून राहिला. ‘फेणी’ हा शब्द सामान्यतः ‘फेन’ म्हणजे फेस ह्यावरून लावतात. धार भांड्यात पडताना उठणारे बुडबुडे पाहून तीव्रता ओळखण्याच्या रीतीशी तो जुळतो. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

‘फूल’ काय, ‘फेणी’ काय, वा मराठीतील ‘पहिली धार’ काय, ह्या सर्वांत एक समान सूत्र आहे. उत्कृष्टता मोजण्याचे माप म्हणजे तीव्रता. पेटणारी चिंधी आणि उठणारा फेस ही दोन्ही तीव्रतेचीच परीक्षा आहे. स्कॉटलंडमधील पाणी मिसळण्याची परीक्षा मात्र तीव्रतेची नसून स्वच्छतेची आहे. दोन परंपरांतील फरक ज्ञानाचा नाही. तो निकषाचा आहे.

ह्या संदर्भात ‘भंडारी’ ह्या नावाचाही विचार करणे इष्ट ठरेल. माड-ताडाचा रस काढणे व गाळणे हा मुंबई-कोकणातील भंडारी समाजाच्या पारंपरिक व्यवसायांपैकी एक होता. माझगावच्या भंडारवाडा टेकडीच्या नावात ह्या समाजाची वस्ती नोंदलेली आहे. काहींनी ‘भंडारी’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘मंडहारक’, म्हणजे दारू गाळणारा, ह्यापासून दिली आहे. ध्वनिदृष्ट्या ती स्वीकारणे कठीण आहे. ‘ह’चे महाप्राणत्व शब्दारंभी सरकले असे मानले तरी ‘म’चा ‘म्ह’ होईल, ‘भ’ होणार नाही. ‘भांडागारिक’, ‘भांडारी’, ‘भंडारी’ ही परंपरा नियमाला धरून आहे. व्यवसायावरून नाव लावण्याच्या मोहाचे हे उदाहरण म्हणता येईल.

६. मुरवण

गाळपानंतरची व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. ती ओकच्या लाकडी पिंपांत भरून ठेवतात. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे किमान तीन वर्षे, व्यवहारात बहुधा त्याहून अधिक. ह्या काळात तीन प्रकारची कार्ये चालतात. आतून जाळलेल्या लाकडाचा कोळसा गंधकयुक्त अवशेष शोषून घेतो. लाकूड स्वतःतील व्हॅनिलिन, टॅनिन व अन्य द्रव्ये आणि रंग देते. लाकडाच्या छिद्रांतून शिरणाऱ्या प्राणवायूमुळे मद्यातील घटकांच्या परस्पर क्रिया होऊन झोंबणारी द्रव्ये घटतात व एस्टरे वाढतात. काही प्रमाणात द्रव उडूनही जातो. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे दोन टक्के धरतात. उष्ण प्रदेशात ती कितीतरी पट असते.

ह्या उष्णतेचा अनुभव मराठी-कोकणी प्रदेशातच पाहावयास मिळतो. गोव्यात कुंकळ्ळी येथील पॉल जॉन भट्टीत उत्तर भारतातील सहा-ओळी जव तांब्याच्या हंड्यांत गाळून अमेरिकन ओकच्या, पूर्वी बर्बन भरलेल्या, पिंपांत ठेवतात. अमेरिकन कायद्यानुसार बर्बनसाठी दर वेळी नवे जाळलेले पीप वापरावे लागत असल्याने ही एकदा वापरलेली पिंपे जगभर उपलब्ध होतात. कुंकळ्ळीची पहिली सिंगल माल्ट २०१२ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आली. किनाऱ्यावरील हवेत लाकडाचे कार्य वेगाने होते आणि मालही वेगाने उडून जातो. म्हणजे येथे थांबण्याची मुदत कमी, पण थांबण्याची किंमत अधिक.

ह्या क्रियेला मराठीत उत्तम शब्द आहे : ‘मुरणे’. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, गवई मुरलेला असतो. मुरणे म्हणजे निव्वळ जुने होणे नव्हे; घटक एकमेकांत उतरून मूळचा करकरीतपणा जाणे होय. दारूच्या मराठी शब्दसंग्रहात मात्र तो मालाच्या गुणासाठी रूढ झालेला दिसत नाही. ही उणीव परंपरेतील म्हणावी तर चरकसंहितेत नव्या मद्याला जड आणि जीर्ण मद्याला हलके व स्रोतसे शुद्ध करणारे म्हटले आहे. आसव-अरिष्टे मुरवून ठेवण्याची पद्धत तर घरोघरी परिचित आहे. मग हा शब्द भट्टीपर्यंत का पोचला नाही?

७. गुत्ता, नवटाक आणि पीप

ह्या प्रश्नाचे उत्तर दारूच्या व्यापाराच्या शब्दांत शोधता येते. मराठीत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द मूळचा मक्ता किंवा ठेका ह्या अर्थाचा असून ‘गुत्तेदार’ ह्या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. कन्नड-तेलुगूतील ठेकावाचक शब्दांशी त्याचे नाते आहे. म्हणजे दुकानाचे नावच सरकारी लिलावावरून पडले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळप, विक्री आणि माडा-ताडांचा रस काढणे ही सर्व कामे परवान्याच्या व कराच्या चौकटीत बांधली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. मुदतीच्या मक्त्याने धंदा करणाऱ्याला आजचा माल आजच विकणे भाग असते. तीन वर्षे माल ठेवून त्यातील काही भाग हवेत जाऊ द्यावा, तर तेवढा काळ धंदा आपल्याकडे राहील अशी शाश्वती हवी. ती ज्याला नाही, त्याने मुरवण्यात भांडवल घालावे अशी अपेक्षा करता येत नाही.

मागणीची बाजूही तशीच होती. परळ-लालबागच्या गिरणगावात पाळी सुटल्यावर घेतली जाणारी दारू ‘नवटाक’ आणि ‘पावशेर’ ह्या मापांनी ओळखली गेली. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. पुढे हे मापच दारूचे टोपणनाव बनले. जेथे वस्तूला मापाचे नाव मिळते तेथे तिची पारख किती आणि किती कडक ह्या दोनच प्रश्नांवर होते.

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली. पुढे १९४९ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली; १९६० नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. ह्या काळात गूळ व नवसागर घालून केलेली हातभट्टी शहरभर पसरली. चोरट्या भट्टीला वेळ हाच सर्वांत मोठा धोका असतो. गाळलेला माल त्याच रात्री हलवावा लागतो. तेथे शेवटची धार बाजूस काढण्याची चैन परवडत नाही, मग मुरवणे दूरच राहिले.

‘पीप’ किंवा ‘पिंप’ ह्या शब्दाचा प्रवास ह्या दृष्टीने बोलका आहे. तो पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला, आणि पिपा म्हणजे मुख्यतः मद्याचे लाकडी पात्र. हाच शब्द गिरगाव-दादरच्या चाळींत पाणी साठविण्याच्या धातूच्या पात्राला लागला. मद्य मुरवणारे पात्र हा त्याचा अर्थ मराठीत रुजलाच नाही. शब्द राहिला, कार्य बदलले.

८. मवाळ आणि जहाल

इंग्रजीतील ज्या गुणाला येथील पिणारे आज सर्रास ‘स्मूद’ म्हणतात त्याला मराठी प्रतिशब्द कोणता? ‘सौम्य’ हा शब्द कमी तीव्रतेचा बोध करतो. पण समान टक्केवारीच्या दोन मद्यांपैकी एक झोंबते आणि दुसरे झोंबत नाही, हाच तर येथील मुद्दा आहे. तोंडातील उष्णतेची जाणीव देणारे जे ग्राहक मिरचीने चेतवले जातात, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. त्यामुळे थोडी जळजळ अटळ आहे. तिच्यावर पहिल्या धारेतील द्रव्यांचा उग्रपणा किती चढला आहे, ह्यावर अनुभव ठरतो. ‘मवाळ’ हा शब्द ह्या अर्थाला अधिक जवळचा वाटतो. राजकारणात ‘जहाल’च्या विरोधात तो रूढ झाला तेव्हाही त्याचा अर्थ दुर्बल असा नव्हता, निदान मवाळांच्या दृष्टीने तरी नव्हता.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ‘पहिल्या धारेची म्हणजे अस्सल’ ह्या समीकरणात कडकपणा हाच शुद्धतेचा पुरावा ठरतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते मिथेनॉल कोणत्याही भट्टीच्या पहिल्या धारेतून आलेले नव्हते. ते औद्योगिक वापराचे होते. धान्याच्या आंबवणात मिथेनॉल अत्यल्पच निर्माण होते. परंतु मिथेनॉलची चव आणि झोंबणे नेहमीच्या मद्यार्काहून वेगळे ओळखू येत नाही, आणि कडकपणालाच अस्सलपणा मानणाऱ्या परीक्षेत ते सहज उत्तीर्ण होते. माप चुकीचे असेल तर त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे येथे दिसून येते.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, गाळपाचे भाग वेगळे करण्याचे ज्ञान ह्या किनाऱ्यावर निदान सोळाव्या शतकापासून होते. दोन, माल्ट व्हिस्कीच्या मवाळपणाला आवश्यक असलेली दुसरी अट, म्हणजे निर्धास्तपणे थांबता येणे, ही तांत्रिक नसून कायद्याची आणि भांडवलाची होती. तीच येथे नव्हती. तीन, ‘पहिली धार’, ‘गुत्ता’, ‘नवटाक’ हे शब्द ह्या परिस्थितीतून आलेली मूल्ये आजही वाहत आहेत, तर ‘मुरणे’ आणि ‘मवाळ’ हे नेमके शब्द भाषेत असूनही भट्टीपर्यंत पोचलेले नाहीत.

ह्या व्यवसायाची तपशीलवार परिभाषा, म्हणजे रस काढण्याच्या अवजारांची, भांड्यांची, आंबवणाच्या अवस्थांची आणि धारेच्या परीक्षांची नावे, ज्यांच्या बोलण्यात होती ती पिढी आता विरळ होत चालली आहे. मुंबई, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील बोलींतून ती गोळा करणे हे भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी योग्य असे काम आहे. कोशात न आलेला धंद्याचा शब्द त्या धंद्याबरोबरच नाहीसा होतो. ओर्ताने नोंदले नसते, तर ‘फूल’ हा शब्द माडीच्या उत्तम अर्कासाठी वापरला जात होता हे आज कोणास सांगताही आले नसते.